घड्याळ एक, चाल वेगळी

नोकरीतील बदली, मुलांचे शिक्षण किंवा लग्न यामुळे आज कितीतरी मराठी कुटुंबे देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहतात. नव्या शहराची भाषा हळूहळू कानावर पडून कळू लागते. पण त्या शहराची चाल समजायला बराच वेळ लागतो. ती समजली, तर परके शहर आपले वाटू लागते. नाही समजली, तर भिंतीला भिंत लागूनही शेजारी परकेच राहतात.

बदलीचा हुकूम हातात पडला की घरात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. मुलांना शाळेत प्रवेश मिळेल का? घरभाडे किती पडेल? पाणी चोवीस तास येते का? ज्वारीचे पीठ आणि गोडा मसाला इथूनच न्यावा लागेल का? या सगळ्या प्रश्नांची उत्तरे महिन्याभरात मिळून जातात. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही. त्या शहराचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

मग गमती होतात. चेन्नईहून दिल्लीला गेलेल्या कुटुंबाला रात्री आठचे जेवणाचे आमंत्रण येते आणि पाने साडेदहाला मांडली जातात. तोवर मुले सोफ्यावर झोपलेली असतात. दिल्लीहून चेन्नईला आलेले पाहुणे रात्री साडेनऊला एखाद्याचे दार वाजवतात, तर यजमान ओटा पुसून झोपायच्या तयारीत. मुंबईहून मिझोरामच्या राजधानीत, ऐझॉलमध्ये, गेलेला अधिकारी संध्याकाळी सातला पिशवी घेऊन भाजी आणायला निघतो आणि बाजारपेठेत त्याला बंद दारांच्या रांगा दिसतात.

गमतीपुरते हे ठीक असते. पण त्यातूनच हळूहळू शिक्के तयार होतात. मुंबईची माणसे कोरडी, बंगाली माणूस आळशी, दिल्लीवाला उद्धट, लखनौचा माणूस नुसता बोलघेवडा, पुणेकर तुसडा! असे शिक्के मारणे सोपे असते. प्रत्येक शहराच्या चालीमागे तिथला सूर्य, तिथले अंतर, तिथला रोजगार आणि तिथला इतिहास उभा असतो, हे पाहण्याची तसदी मात्र आपण क्वचितच घेतो.

सूर्य दोन तास पुढे

भारताचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे 29 रेखांशांचा आहे. त्यामुळे अरुणाचल प्रदेशात सूर्य उगवतो, त्यानंतर जवळजवळ दोन तासांनी तो गुजरातच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसतो. घड्याळ मात्र सगळ्यांचे एकच. साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि मुंबई-कोलकात्याच्या वेळा निरनिराळ्या होत्या. नवी वेळ या शहरांनी सहजासहजी स्वीकारली नाही. कोलकात्याने आपली जुनी वेळ 1948 पर्यंत सांभाळली, तर मुंबईतील काही घड्याळे 1955 पर्यंत 'मुंबई टाइम' दाखवत होती. हा मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होता.

आसामच्या चहाच्या मळ्यांनी तर यावर आपला तोडगा काढला आहे. तिथे आजही 'बागान टाइम' चालतो, म्हणजे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. मळ्यात आठ वाजतात, तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर सात वाजलेले असतात. पानांची खुडणी उजेडात व्हायला हवी आणि उजेड तिकडे लवकर येतो, इतके साधे कारण.

ऐझॉलच्या बंद बाजारपेठेचे कोडेही इथेच सुटते. जून महिन्यात तिथे पहाटे साडेचारच्या सुमारास उजाडते आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे मुंबईत ऑफिसमधला दुसरा चहा होतो, तेव्हा ऐझॉलमध्ये दिवेलागण झालेली असते. ज्या गावात दिवस पहाटे सुरू होतो, तिथे सातला दुकान बंद करणारा माणूस आळशी कसा? त्याचे बारा तास केव्हाच भरलेले असतात.

मुंबई : मिनिटांचे शहर

देशात कुठेही वेळ विचारली तर 'सव्वाआठ', 'साडेआठ' असे उत्तर मिळते. मुंबईत मात्र 8.17 आणि 8.23 अशा दोन वेगळ्या वेळा असतात, कारण त्या दोन वेगळ्या गाड्या असतात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी गाडी धावली आणि 1925 साली व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली. तेव्हापासून शहर रुळांच्या कडेने उत्तरेला लांबत गेले. जागा महाग, म्हणून घर लांब. घर लांब, म्हणून पहाटेची गाडी. आणि गाडी ठरलेली, म्हणून पायांना वेग. मुंबईकराची घाई स्वभावातून आलेली नाही, ती घराच्या किमतीतून आली आहे.

या घाईचा सर्वांत मोठा भार बायकांवर पडतो. विरार, बदलापूर किंवा पनवेलहून कामाला येणारी स्त्री साडेचार-पाचला उठते, दोन डबे भरते, पाणी भरते आणि गाडी पकडते. संध्याकाळी परतताना तिच्या मांडीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर गवार किंवा मटार निवडला जातो. 1992 साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली ही खास महिलांची लोकल सुरू केली, तेव्हा तिचे स्वागत सणासारखे झाले. या डब्यांत भजने होतात, दसऱ्याला तोरणे लागतात, हळदीकुंकूही होते. घरी ज्यासाठी वेळ उरत नाही, ते सारे चालत्या गाडीत उरकले जाते.

डबेवाल्यांची गोष्टही अशीच. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागांतील माणसे पिढ्यान् पिढ्या आहेत. सकाळी घरोघरचे डबे उचलायचे आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी ते टेबलावर पोहोचवायचे. कोविडच्या साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि डब्यांची संख्या बरीच घटली. पण पांढरी टोपी अजून स्टेशनाबाहेर दिसते.

मग मुंबईचा माणूस कोरडा असतो का? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, रस्ते पाण्याखाली गेले. त्या रात्री रुळांवरून चालत निघालेल्या हजारो अनोळखी माणसांना रेल्वेकडेच्या झोपडपट्ट्यांतील आणि चाळींतील लोकांनी चहा-बिस्किटे दिली, घरात आसरा दिला. रोज थांबायला वेळ नसलेले शहर थांबावे लागले तेव्हा कसे वागते, हे त्या रात्री दिसले.

कोलकाता : गप्पांना वेळ असतो

मुंबईहून हावड्याला उतरणाऱ्याला पहिले चार दिवस वाटते की, इथे कोणी काही करतच नाही. बाबूमोशाय सकाळी हातात पिशवी घेऊन मासळी बाजारात जातो. घाईघाईने चार तुकडे उचलून परतणे त्याला मान्य नाही. तो माशाचे कल्ले उघडून पाहतो, भावावरून वाद घालतो, शेजाऱ्याशी राजकारण बोलतो आणि मग मासा घेतो. मासा निवडणे हे घरच्या कर्त्या पुरुषाचे मानाचे काम. बाजार हा त्याच्या दिवसाचा पहिला 'अड्डा'.

अड्डा म्हणजे नुसत्या चकाट्या नव्हेत. विषय ठरलेला नसतो, वेळ ठरलेली नसते, पण जागा आणि माणसे ठरलेली असतात. कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसमध्ये एका कपावर दोन तास बसणाऱ्याला कोणी उठवत नाही. 1958 पासून हे कॉफी हाउस कामगारांची सहकारी संस्था चालवते. तिथून खाली उतरले की जुन्या-नव्या पुस्तकांच्या दुकानांची रांग. 'बोई पाडा', म्हणजे पुस्तकांचा मोहल्ला. या शहरात पुस्तक चाळण्यासाठी उभे राहणे हे वेळ घालवणे मानले जात नाही.

दुपारी भाताचे जेवण झाले की 'भातघुम', म्हणजे वामकुक्षी. संध्याकाळी गल्लीतल्या क्लबात कॅरम. वर्षातून पाच दिवस मात्र हेच निवांत शहर रात्रभर जागते. दुर्गापूजेचे मंडप पाहण्यासाठी आजी-नातवंडांसह कुटुंबे रात्री दोन-तीनपर्यंत पायी फिरतात. डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. एवढा मोठा सोहळा गल्लीगल्लीतील मंडळे आखतात, वर्गणी काढतात आणि पार पाडतात. ज्यांनी गणेशोत्सवात मांडव घातला आहे त्यांना ठाऊक असेल की, हे आळशी माणसांचे काम नव्हे.

कोलकात्याच्या चालीचे प्रतीक म्हणजे ट्राम. 1873 साली घोड्यांनी ओढलेली आणि 1902 पासून विजेवर धावणारी ही गाडी मद्रास, दिल्ली, मुंबई या शहरांनी केव्हाच सोडून दिली. मुंबईची शेवटची ट्राम 1964 साली धावली. कोलकात्याने ती जपली. पण सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने मैदान-एस्प्लनेड हा एक मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हा जुन्या पिढीला घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. त्याच वर्षी मार्चमध्ये हुगळी नदीच्या खालून मेट्रो धावू लागली होती. हावड्याहून पलीकडे जायला आता काही मिनिटे पुरतात.

आणखी एक बदल डोळ्यांना चटकन दिसत नाही. जुन्या घरांच्या दर्शनी भागाला असलेला 'रोक', म्हणजे आपला ओटा, नव्या फ्लॅटच्या इमारतींत उरलेला नाही. जिथे बसायचे तीच जागा गेली, मग अड्डा जमणार कुठे? शिवाय अड्ड्यावर बसणारी तरुण मुले नोकरीसाठी बंगळुरू, पुणे, हैदराबादला गेली. मागे राहिले आईवडील. वेळ भरपूर, पण बोलायला माणूस नाही, अशी कितीतरी घरे आज दक्षिण कोलकात्यात आहेत.

चेन्नई : पहाटेचा रियाज

चेन्नईत दिवस घड्याळाच्या गजराने सुरू होत नाही. तो दारासमोर सडा पडल्याच्या आवाजाने आणि तांदळाच्या पिठीच्या 'कोलम'ने सुरू होतो. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत सहाच्या आत दूध आलेले असते, डबरा-टंबलरमध्ये फिल्टर कॉफी फेसाळलेली असते. उन्हाच्या आत जेवढे उरकेल तेवढे उरकायचे, हा या शहराचा साधा हिशेब. दुपारचे ऊन आणि समुद्रावरची दमट हवा ज्यांनी सोसली आहे, त्यांना तो लगेच पटेल.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, इथे संगीताचा हंगाम सुरू होतो. 1928 मध्ये स्थापन झालेल्या म्युझिक ॲकॅडमीसह अनेक सभांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम असतात. सकाळी व्याख्यान-प्रात्यक्षिके, दुपारी नव्या कलाकारांची गाणी, संध्याकाळी दिग्गजांची. दुपारच्या बहुतेक मैफलींना तिकीट नसते. आणि कार्यक्रम वेळेवर सुरू होतो! आपल्याकडे 'सहाचा कार्यक्रम साडेसहाला' गृहीत धरणाऱ्यांची इथे फजिती होते. मधल्या वेळात कँटीनमध्ये केळीच्या पानावर जेवायचे आणि कोणत्या गायकाने कोणता राग कसा मांडला यावर वाद घालायचा. युनेस्कोने 2017 मध्ये चेन्नईला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली.

शिस्त असूनही धावपळ नाही, हे चेन्नईचे वैशिष्ट्य. पण जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर कंप्युटर कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या तसे इथलेही वेळापत्रक दोन तुकड्यांत विभागले गेले. सासूबाई पहाटे पाचला उठून कोलम काढतात, तेव्हा परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार काम करणारी सून किंवा मुलगा नुकताच झोपलेला असतो. एकाच घरात दोन घड्याळे! कुणाची झोप मोडू नये म्हणून मिक्सर केव्हा लावायचा, याचाही विचार करावा लागतो.

बंगळुरू : शहर एकच, चाली दोन

ज्या शहराची चाल एका पिढीतच बदलली, असे शहर पाहायचे तर बंगळुरूला जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरचे, थंड हवेचे, बागांचे हे गाव एकेकाळी निवृत्तांचे नंदनवन म्हणून ओळखले जाई. बसवनगुडीत छोटासा बंगला, अंगणात नारळ आणि चाफा, सकाळी लालबागेत फेरी, येताना 1943 पासून चालू असलेल्या विद्यार्थी भवनात डोसा. आणखी काय हवे?

1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही परदेशी कंपनी इथे आली. त्याआधीच 1983 मध्ये इन्फोसिसने पुण्याहून इथे मुक्काम हलवला होता. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सारे चित्र पालटले. 1991 च्या जनगणनेत सुमारे 41 लाख असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 85 लाखांच्या घरात गेली. रस्ते तेवढेच राहिले. मेट्रो आली ती 2011 च्या ऑक्टोबरात.

त्यामुळे आजच्या बंगळुरूत एक विचित्र अनुभव येतो. माणसे घाईत असतात आणि वाहने उभी असतात. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये कोणी सांगत नाही, 'तीन स्टेशने' असे सांगतात. बंगळुरूत ते तासांत सांगतात. ऑफिस दहा किलोमीटर म्हणण्यापेक्षा 'सकाळी सातला निघालो तर अर्धा तास, नऊला निघालो तर दीड' हे उत्तर अधिक उपयोगी पडते. उभ्या उभ्या इडली-वडा खाऊन निघण्याची सोय करणारी 'दर्शिनी' हॉटेले गल्लोगल्ली आहेत. तरीही 'स्वल्प ॲडजस्ट माडी', म्हणजे 'थोडे सांभाळून घ्या', हे या शहराचे जुने वाक्य टिकून आहे. बसमध्ये तिसऱ्याला जागा देताना ते ऐकू येते, तेव्हा जुने बंगळुरू अजून हयात आहे असे वाटते.

उत्तरेचे दोन नमुने

लखनौच्या 'पहले आप'चा विनोद सर्वांना ठाऊक आहे. 1775 मध्ये अवधच्या नवाबांनी फैजाबादहून राजधानी इथे आणली आणि दरबारी रीतीभाती शहरात मुरल्या. बोलताना 'मी' ऐवजी 'हम', लहान मुलालाही 'आप'. संध्याकाळी काही खरेदी नसतानाही हजरतगंजमध्ये फिरायला जायचे. त्याला तिथे 'गंजिंग' असा खास शब्द आहे. हिवाळ्याच्या सकाळी चौकात मिळणारी मख्खन मलाई दुधाच्या फेसाची असते. ऊन चढले की ती टिकत नाही. ती खायची तर लवकर उठावे लागते आणि मग सावकाश खावे लागते.

पण सावकाश म्हणजे सुखी, असेही समजू नये. लखनौची प्रसिद्ध चिकनकारी जुन्या वस्त्यांत आणि आसपासच्या खेड्यांत घरी बसून बायका करतात. एका भरगच्च साडीला कित्येक महिने लागू शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते निवांत काम वाटेल, पण कमी मजुरीत डोळे आणि बोटे झिजवणारे ते कष्ट आहेत. मंद चालीचे कौतुक करताना तिची किंमत कोण मोजते, हेही विचारायला हवे.

दिल्लीची गोष्ट निराळी. फाळणीनंतर लाखो निर्वासित इथे आले. घरदार गमावलेल्या माणसांनी लाजपतनगर, पटेलनगर, राजिंदरनगर अशा वसाहतींतून शून्यापासून संसार उभे केले. रांगेत मागे राहिलो तर काही उरणार नाही, हा अनुभव ज्या पिढीने घेतला तिच्या आवाजात आग्रह असणारच. त्याच दिल्लीत जानेवारीच्या रविवारी गच्चीवर कोवळ्या उन्हात शेंगदाणे-रेवड्या खात, लोकर विणत आणि संत्री सोलत अख्खी दुपार जाते. 2002 साली सुरू झालेल्या मेट्रोने तर सिद्ध केले की, दिल्लीकर रांगेतही उभा राहतो, फक्त गाडी येणार याची खात्री हवी! या राजधानीत 1954 नंतर पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा तिथली कितीतरी मराठी कुटुंबे पहिल्यांदाच एकमेकांना भेटली असतील.

दुपारची झोप आणि रात्रीचे जागरण

पुण्याच्या 'दुपारी 1 ते 4 बंद' या पाटीवर आजवर भरपूर विनोद झाले. पण या पाटीला सोबत्यांची कमतरता नाही. सौराष्ट्रातील राजकोटमध्ये दुपारी बाजारपेठ अशीच सुस्तावते. दुकानदार घरी जाऊन जेवतो आणि आडवा होतो. पणजीत दुपारी दुकानांची दारे ओढलेली असतात. उष्ण प्रदेशात भर दुपारी ना गिऱ्हाईक फिरकते ना माल हलतो. मग पहाटे उठलेल्या माणसाने विश्रांती घेतली तर बिघडले कुठे? शिवाय दुकान आणि घर एकाच गल्लीत होते, तोवर हे जमले. मोठमोठ्या मॉलमध्ये आणि घरपोच माल देणाऱ्या सेवांमध्ये दुपार नावाची वेळच नसते. मालकाची झोप वाचली तरी माल पोहोचवणारा मुलगा भर उन्हात मोटारसायकलवर असतोच.

इंदूरने मात्र विश्रांतीऐवजी रात्र निवडली. होळकरांच्या राजवाड्याजवळच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार होतो. रात्री दुकानांची दारे खाली आली की त्याच पायऱ्यांपुढे भुट्टे का कीस, गराडू, दहीवडे आणि जिलब्यांच्या गाड्या लागतात. मध्यरात्र उलटली तरी आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत कुटुंबे तिथे असतात. सकाळी पुन्हा पोहे-जिलेबी. आणि एवढे खाऊनपिऊन हे शहर 2017 पासून राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सलग आठ वेळा पहिले आले! मराठी माणसाला इथे परके वाटत नाही. घरात आमटी-भात, दारात 'क्या भिया' आणि भाषणात अर्धी मराठी, अर्धी माळवी हिंदी असा इंदुरी संसार पिढ्यान् पिढ्या सुखाने चालू आहे.

हॉर्नविना शहर

पुन्हा एकदा ऐझॉलकडे वळू. डोंगराच्या धारेवर वसलेल्या या शहराचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे. तरीही तिथे हॉर्न सहसा ऐकू येत नाही. मोटारी एका रांगेत, दुचाक्या दुसऱ्या रांगेत; पुढे मोकळी जागा दिसली तरी कोणी घुसत नाही. शहराबाहेरच्या रस्त्यावर बांबूच्या छोट्या टपऱ्या असतात, त्यात भाजी-फळे आणि किमतीची पाटी, पण दुकानदार नाही. तो शेतात गेलेला असतो. गिऱ्हाइकाने वस्तू घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे. रविवारी चर्चमुळे सारा बाजार बंद.

शिस्तीने चालण्यासाठी श्रीमंती लागते किंवा पोलिसांचा धाक लागतो, या समजुतीला हे शहर छेद देते. सप्टेंबर 2025 मध्ये बैराबी-सैरांग हा सुमारे 51 किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला आणि ऐझॉलच्या वेशीपर्यंत रेल्वे पोहोचली. आता बाहेरची माणसे, बाहेरचा माल आणि बाहेरची घाईही येईल. आलेल्यांनी हॉर्न वाजवायचा की रांगेत थांबायचे, हे येणाऱ्यांच्याच हाती आहे.

खरे तर बदलीवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे हाच प्रश्न असतो. आपली चाल नव्या शहरावर लादायची, की त्याच्या चालीत पाऊल मिसळायचे? मुले हे चटकन शिकतात. दुसऱ्या महिन्यात त्यांना गल्लीतले मित्र मिळतात. कर्ता माणूस ऑफिसात रमतो. अवघड जाते ते घरात राहणाऱ्या गृहिणीला आणि मुलाच्या मागे आलेल्या आजी-आजोबांना. चेन्नईत कोलम काढणाऱ्या शेजारणीशी सकाळी सहाला दोन शब्द बोलता येतात. नऊला दार उघडणाऱ्या बाईला ती कधी भेटतच नाही. कोलकात्यात अड्ड्याकडे 'वेळ फुकट' म्हणून पाठ फिरवणाऱ्याला शेजार मिळत नाही. ऐझॉलमध्ये रविवारी कुरकुरणाऱ्याला तो दिवस कंटाळ्याचा जातो, तर शेजाऱ्याकडे जाऊन बसणाऱ्याला तोच दिवस मोलाचा वाटतो.

देशाचे घड्याळ एक झाल्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. माणसांच्या चाली मात्र अजून एक झालेल्या नाहीत, आणि व्हायलाही नकोत. मुंबईची गाडी वेळेवर यावी आणि कोलकात्याचा अड्डा उशिरापर्यंत चालावा, यात विरोध काहीच नाही. ज्याला दोन्ही शहरांत घर वाटते, तो माणूस खरा श्रीमंत.

बदली होऊन नव्या शहरात जाताना

• पहिल्या आठवड्यात बाजार, दूध, बँक आणि दवाखाना यांच्या वेळा लिहून स्वयंपाकघरात लावा. दुपारी काय बंद असते, तेही टिपून ठेवा.

• घर पाहताना ऑफिसचे अंतर किलोमीटरमध्ये न विचारता सकाळी नऊला किती वेळ लागतो, ते विचारा. शक्य असल्यास त्याच वेळी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा.

• जेवणाचे आमंत्रण आले तर 'पाने किती वाजता घेता?' असे मोकळेपणाने विचारा. लहान मुले असतील तर त्यांना आधी थोडे खाऊ घाला.

• सोबत आजी-आजोबा असतील तर जवळची बाग, मंदिर, वाचनालय किंवा महाराष्ट्र मंडळ कुठे आहे आणि तिथे माणसे कोणत्या वेळी जमतात, याची चौकशी आधी करा.

• स्थानिक भाषेतील निदान दहा वाक्ये शिका. पहिले वाक्य 'कसे आहात?' हे असावे, 'किती रुपये?' हे दुसरे.

• पहिले तीन महिने कोणत्याही शहराला नावे ठेवू नका. चौथ्या महिन्यात बहुधा गरज पडणार नाही.